‘वाचलं, पण मग करायचं काय?’: कामाच्या ठिकाणच्या अहवालांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षं तुम्ही ऑपरेशन्समध्ये आहात, दर तिमाहीला अहवाल लिहिता, त्यासाठी रात्री जागता, हाताशी असलेली सगळी आकडेवारी घालता. साहेब तो दोन मिनिटांत चाळतात आणि विचारतात, ‘वाचलं, पण मग करायचं काय?’ तुम्ही विचारलंय, साचा बदलू का, भाषा सुधारू का, की आलेख वाढवू.

वीसेक वर्षं मी असे अहवाल लिहितेय, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं जास्त करून दुसऱ्यांचे वाचतेय. त्यामुळे एवढं खात्रीनं सांगते, की साहेब तुमच्या साच्याबद्दल बोलत नाहीयेत. त्यांना तुमचं मत हवंय आणि ते कागदावर सापडत नाहीये. बहुतेक वेळा ते सापडत नाही, कारण लिहायला बसेपर्यंत लिहिणाऱ्यानं ते ठरवलेलंच नसतं. आकडे जमले, तक्ते झाले, तारीख जवळ आली, की हाताशी असेल ते आपण ओळीनं मांडत जातो आणि अर्थ काढायचं काम वाचणाऱ्यावर टाकतो. यात कामचुकारपणा नसतो, मेहनत तर भरपूर असते. पण वाचणाऱ्याकडे तुमच्यासारखे तीन आठवडे नसतात. जो अर्थ तुम्हाला एवढ्या दिवसांत काढता आला नाही, तो त्यांनी दोन मिनिटांत कसा काढावा?

म्हणून फाइल उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन उत्तरं लिहा. हे वाचणार कोण? वाचून त्यांनी काय ठरवायचंय? आणि माझं म्हणणं एका वाक्यात काय आहे? पहिली दोन सोपी आहेत. तिसरं अडतं, आणि ते अडलं तर अहवाल सुरूच करू नका. आकड्यांकडे परत जा, किंवा ज्यांच्या कामाबद्दल लिहिताय त्यांच्याशी जाऊन बोला. मी एक साधी युक्ती वापरते. साहेब जिन्यात भेटले आणि ‘काय निघालं गं त्यातून?’ म्हणाले, तर मी काय सांगेन ते मोठ्यानं बोलून बघते. बोलताना माणूस ‘विविध कारणे आहेत’ असं म्हणत नाही. ‘अहो, संध्याकाळच्या ऑर्डरी तपासणीला अडकतात, तिथं माणूस द्या,’ असं म्हणतो. तेच वाक्य अहवालाचं पहिलं वाक्य असतं.

काही अहवालांत खरोखरच निर्णयाचा प्रश्न नसतो, सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. तेही पहिल्या ओळीत सांगावं: ‘या महिन्यात सगळं ठरल्याप्रमाणे, तुमच्याकडून काही निर्णय नको.’ वाचणाऱ्यावर याहून मोठे उपकार नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी मनाचे घेतलेत, पण अशी वाक्यं दर तिमाहीला माझ्यापुढे येतात:

‘सदर तिमाहीत ऑर्डर वितरणात काही प्रमाणात विलंब झाल्याचे निदर्शनास आले आहे. यामागे विविध कारणे असून त्या अनुषंगाने आवश्यक ती उपाययोजना करण्यात येत आहे.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण विलंब किती, कुणामुळे, उपाय कोणता, तो कोण करतोय आणि कधीपर्यंत, यातलं काहीही नाही. आता हे बघा:

‘तपासणी विभागात संध्याकाळी एक जास्तीची पाळी तीन महिन्यांसाठी सुरू करावी, अशी माझी शिफारस आहे. या तिमाहीत १,२४० पैकी १८६ ऑर्डरी उशिरा पोचल्या, म्हणजे १५ टक्के. मागच्या तिमाहीत हे प्रमाण ९ टक्के होतं. उशीर झालेल्यांपैकी ११२ ऑर्डरी एकाच ठिकाणी अडकल्या: तपासणी दुपारी चारला थांबते आणि त्यानंतर पॅक झालेला माल दुसऱ्या दिवसावर जातो. पुढच्या महिन्यापासून पाळी सुरू करायची तर १० तारखेपर्यंत मंजुरी लागेल.’

लांबी थोडी वाढली, पण साहेबांचा प्रश्न संपला. त्यांना पटलं तर सही करतील, नाही पटलं तर नेमकं काय पटलं नाही ते सांगू शकतील. हे दुसरंही महत्त्वाचं आहे. ज्याच्याशी असहमत होता येत नाही असा अहवाल म्हणजे त्यात काही म्हटलेलंच नाही.

निष्कर्ष शेवटी लिहिण्याची सवय आपल्याला शिक्षणातून लागते. प्रस्तावना, उद्देश, पद्धत, निरीक्षणं आणि मग निष्कर्ष, हा क्रम परीक्षकासाठी बरोबर आहे, कारण त्याला तुम्ही काम कसं केलंत ते तपासायचं असतं. ऑफिसातल्या वाचकाला आधी काय निघालं ते हवं असतं; कसं निघालं ते शंका आली तरच. शिवाय त्याचं वाचन कुठंही तुटू शकतं. फोन येतो, मीटिंग सुरू होते. पहिल्या परिच्छेदानंतर वाचन थांबलं तरी मुख्य गोष्ट पोचलेली असली पाहिजे, या हिशेबानंच अहवाल रचावा.

मुख्य गोष्ट खाली गाडली गेली तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. कल्पना चावला ज्या यानात होत्या ते कोलंबिया १६ जानेवारी २००३ ला उडालं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आतच बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडच्या रूपात व्यवस्थापनापुढे ठेवला. त्यातल्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता: चाचण्यांची माहिती सुरक्षित बाजूला झुकते, अशा अर्थाचा. आणि अगदी तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांच्या ओळीत असं होतं, की ज्या चाचण्यांवर हा अंदाज उभा आहे त्यातला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. खरं तर सांगायची गोष्ट ही एकच होती: आमच्याकडे या आकाराच्या तुकड्याबद्दल माहितीच नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाइडवर वेगळं लिहिलं. ती वाचून हा जिवावर बेतणारा प्रश्न आहे हे वरिष्ठाच्या लक्षात न येणं सहज शक्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अपघाताची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं ढकलता येणार नाही. पण माहिती कागदावर होती आणि तरीही ती सांगितली गेली नाही, हे मला विसरता येत नाही. तुमच्या अहवालात तळटीप, कंस किंवा शेवटच्या ओळीत काय टाकलंय ते पाठवण्याआधी एकदा नीट बघा. आपण ज्याला घाबरतो ते बहुधा तिथं जाऊन बसलेलं असतं.

भीतीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गुळमुळीत अहवालाचं मूळ मला तिथंच दिसतं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका प्रकल्पाचा अहवाल लिहिला होता. एक महत्त्वाचा पुरवठादार वेळ पाळणार नाही, हे मला दिसत होतं. पण त्याची निवड आमच्याच वरिष्ठांनी केली होती. म्हणून मी नवव्या पानावर लिहिलं, ‘पुरवठ्याच्या वेळापत्रकाबाबत काही आव्हाने संभवतात.’ माल दोन महिने उशिरा आला. नंतर जेव्हा विचारणा झाली तेव्हा मी नववं पान दाखवलं. वरिष्ठ रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘तुला माहीत होतं आणि मला कळलं नाही. मग हे लिहिलंस कुणासाठी?’ ते वाक्य मी स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलं होतं, त्यांना कळावं म्हणून नव्हे. तेव्हापासून वाईट बातमी पहिल्या पानावर जाते, आणि अहवाल पाठवण्याआधी मी ती तोंडी सांगते. ज्या विभागाची चूक दाखवायची आहे त्याच्या प्रमुखाला तो भाग आधी वाचायला देते. आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त करील. मत पटलं नसेल तर त्याचं म्हणणं मी अहवालात एका ओळीत घालते. भर मीटिंगमध्ये कुणाला आपल्याबद्दलची गोष्ट पहिल्यांदा कळली, की चर्चा विषयावरून उठून माणसांवर जाते आणि तुमच्या शिफारशीकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

भाषेकडे येते. ‘करण्यात आले’, ‘निदर्शनास आले’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ या रचनांमधून कर्ता नाहीसा होतो. कुणी केलं? कुणाच्या निदर्शनास आलं? कधी कधी कर्ता खरंच महत्त्वाचा नसतो, तिथं चालेल. पण जबाबदारीचं वाक्य असेल तर नाव किंवा विभाग आलाच पाहिजे: ‘खरेदी विभाग १५ तारखेपर्यंत तीन दरपत्रकं मागवेल.’ दुसरी गोष्ट आपल्या वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. झालं की नाही झालं, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. त्यामुळे पोटवाक्यांवर पोटवाक्यं रचली, की वाचणाऱ्याला सगळं ओझं डोक्यावर घेऊन पूर्णविरामापर्यंत चालावं लागतं आणि मग ‘...असे आढळून आले नाही’ हे वाचून पुन्हा मागं फिरावं लागतं. वाक्य दोन ओळींपलीकडे गेलं की तोडा. एका वाक्यात एक गोष्ट ठेवा. ऑफिसचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागत असेल तरी पहिला कच्चा मसुदा मनातल्या भाषेत करून बघा. इंग्रजी शब्दांच्या आडोशाला लपलेला पोकळपणा आपल्या भाषेत लगेच उघडा पडतो.

‘काही प्रमाणात’, ‘लक्षणीय’, ‘समाधानकारक’, ‘लवकरात लवकर’ हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं: किती, कशाच्या तुलनेत, कुठल्या तारखेपर्यंत? आकडा असेल तर आकडा लिहा. नसेल तर ‘आकडा उपलब्ध नाही’ असं सरळ लिहा. ‘लक्षणीय’ हा शब्द पाच जणांना पाच तऱ्हेनं कळतो.

आकड्यांत सगळ्यात जास्त घोटाळा टक्क्यांचा होतो. वरच्या उदाहरणात उशिराचं प्रमाण ९ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलं. कुणी लिहील, ‘६ टक्क्यांनी वाढलं’, कुणी लिहील, ‘६७ टक्क्यांनी वाढलं’. एक जण दोन टक्केवारींतला फरक सांगतोय, दुसरा नवावर सहाची वाढ. वाचणाऱ्याला वेगवेगळी चित्रं दिसतात. म्हणून सरळ ‘९ वरून १५ टक्के’ असं लिहावं आणि टक्क्यांसोबत मूळ संख्या द्यावी. ‘तक्रारी दुप्पट झाल्या’ हे दोनाच्या चार झाल्या तरी खरं असतं.

तुलनेत आणखी एक खाच आहे. आपण अडचणींचा अभ्यास करताना फक्त अडचणीच गोळा करतो. १९८६ साली चॅलेंजर यान उडण्याच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, थंडीमुळे बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातली रबरी कडी दगा देईल का यावर चर्चा झाली. अभियंते उड्डाण नको म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं; दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर लगेच यान फुटलं. पण ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांचंच तापमान बघितलं, तर इजा थंडीतही दिसत होती आणि उबेतही. नंतर चौकशी आयोगानं इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर मांडली, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. साधारण १९ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा होती. १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत होती. त्या रात्रीचा निर्णय दबावामुळेही फिरला होता, तेव्हा नुसता आलेख बदलल्यानं तो टळला असता असं मी म्हणणार नाही. पण धडा कामाचा आहे. तुम्ही उशीर झालेल्या १८६ ऑर्डरींचा अभ्यास केलात, तर वेळेवर पोचलेल्या १,०५४ मधल्या किती ऑर्डरी दुपारी चारनंतर पॅक झाल्या होत्या, तेही बघा. तिथंही तेवढंच प्रमाण निघालं तर तुमचं कारण चूक आहे, आणि हे अहवाल पाठवण्याआधी कळलेलं बरं.

एक्सेलची बेरीज डोळे झाकून मानू नका. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावरचा २०१० सालचा एक गाजलेला शोधनिबंध जगभरच्या धोरणचर्चांमध्ये वापरला जात होता. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याला मूळ फाइल मिळाली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्याचं दिसलं. इतर हरकतींसह फेरहिशेब केल्यावर जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आली. सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता, पण लोकांच्या लक्षात त्या ओळीच राहिल्या. तुमच्या अहवालाचंही तसंच होईल. एक बेरीज चुकलेली सापडली की बाकीच्या बरोबर आकड्यांवरचाही विश्वास जातो. म्हणून निर्णय ज्या तीन-चार आकड्यांवर उभा आहे तेवढे तरी वेगळ्या वाटेनं पुन्हा काढा, आणि प्रत्येकाखाली माहिती कुठून आणि कोणत्या तारखेची ते लिहा.

लांबीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ९ ऑगस्ट १९४० ला, ऐन दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या खात्यांना अहवाल आखूड करा अशी एक चिठ्ठी काढली होती. मुख्य मुद्दे छोट्या, नेमक्या परिच्छेदांत द्या, गुंतागुंतीचं विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, आणि भरताडाचे शब्दप्रयोग सोडून द्या, असा तिचा आशय. टोयोटात तर प्रश्न, कारण, उपाय आणि पुढची तारीख, सगळं २९७ × ४२० मिलिमीटरच्या एका ए-थ्री कागदावर बसवायची पद्धत आहे. त्यातली खरी मेहनत लिहिण्यात नसून काय वगळायचं ते ठरवण्यात जाते. माझा स्वतःचा नियम: पहिलं पान एकटं फाडून कुणाला दिलं तरी त्याला निर्णय घेता यावा. मागं कितीही पानं असोत, ती शंका घेणाऱ्यासाठी आहेत.

खात्री किती आहे तेही लिहावं. ‘११२ ऑर्डरींचं कारण नोंदींवरून तपासलंय, उरलेल्या ७४ ची कारणं विभागानं तोंडी सांगितलीत, तपासलेली नाहीत.’ अशा वाक्यानं अहवाल कमकुवत होतो असं नव्या लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. जो माणूस कुठं खात्री नाही ते सांगतो, त्याच्या खात्रीवर वरिष्ठ डोळे मिटून सही करतात.

हल्ली बरेच जण आकडे एआयला देऊन मसुदा लिहून घेतात. भाषा गुळगुळीत करायला हरकत नाही. पण ते तिसरं उत्तर, माझं म्हणणं काय, हे त्याच्याकडून घेऊ नका. मीटिंगमध्ये ‘असं का म्हणता?’ विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. आणि त्यानं लिहिलेला प्रत्येक आकडा मूळ फाइलशी जुळवा.

आता तुमच्या हातातल्या कामाकडे. मागच्या तिमाहीचा अहवाल काढा आणि त्यात तुमचं स्वतःचं मत असलेलं वाक्य शोधा. ते बहुधा शेवटच्या पानावर असेल, किंवा अहवालात नसून सोबतच्या मेलमध्ये असेल, किंवा चहाच्या वेळी तुम्ही शेजारच्याला सांगितलं असेल. ते कोऱ्या पानावर सगळ्यात वर लिहा. त्याखाली त्याला आधार देणारे तीन आकडे, त्याखाली कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत. मग जुन्या अहवालातला एकेक परिच्छेद घ्या आणि तो या वाक्याला कशी मदत करतो ते विचारा. मदत करत नसेल तर परिशिष्टात टाका. हे पान ऑपरेशन्सबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि दोन मिनिटांनी काढून घेऊन विचारा, ‘मी काय मागतोय?’ त्याला सांगता आलं, तर पुढच्या तिमाहीचा अहवाल याच पानापासून सुरू करा.